लोकशाही आणि भांडवलशाही यांतील विसंगती कशी तपासावी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करत आहोत. राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. हा इशारा व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकू येतो की, श्रोते मान डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. ही विसंगती स्वतः तपासून पाहायची असेल, तर व्याख्यांपासून सुरुवात करू नये. ‘लोकशाही म्हणजे काय’ यावर अभ्यासमंडळाच्या तीन बैठका सहज खर्ची पडतात, हे मी अनुभवाने सांगतो. त्यापेक्षा एखादा प्रत्यक्ष निर्णय समोर घ्यावा आणि विचारावे की, येथे मोजणी माणसांची होते की मालकीची?

पहिला सराव घरबसल्या करता येतो. आपल्या गृहनिर्माण संस्थेचे देखभालीचे बिल काढावे आणि प्रत्येक ओळीपुढे ती रक्कम कशावर ठरते ते पेन्सिलीने लिहावे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे असते, मग ती एका खोलीची असो वा चार खोल्यांची. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात घेतला जातो. एकाच कागदावर समतेचा आणि मालमत्तेचा हिशेब शेजारीशेजारी नांदत असतो, आणि सर्वसाधारण सभेतले दरवर्षीचे भांडण बहुधा कोणती ओळ कोणत्या हिशेबात घालायची यावरच असते. मोठ्या घराचा मालक म्हणतो, लिफ्ट आणि रखवालदार सर्वांना सारखेच. लहान घराचा मालक म्हणतो, चौरस फुटांवर आकारणी करा. मतदानाला टाकले, तर दोघांचेही मत एकेकच.

त्याच बिलावर कधीकधी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसची, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलच्या शुल्काची, ओळ सापडते. त्या घरात भाडेकरू राहतो, तो दहा वर्षे जिना चढतो-उतरतो, पण सभेत त्याला मत नाही. म्हणून मोजणी कशाची, हे कळल्यावर लगेच पाहायचे ते मोजणीतून कोण गळले हे.

कंपनीच्या सभेवर फार वेळ घालवू नये. हात वर करून मतदान झाल्यास एक हात म्हणजे एक मत. पण रीतसर मतमोजणी मागितली गेली की मते भागांच्या (शेअर्सच्या) प्रमाणात मोजली जातात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत ई-मतदान आल्यापासून हात वर करण्याचा उपचारही उरलेला नाही. येथे भांडवलाचे राज्य उघड आहे आणि तसा कोणी आडपडदाही ठेवत नाही.

खरी कसोटी लागते ती सहकारी साखर कारखान्यात. शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, त्यामागे भांडवल गोळा करायचे, पण भांडवलाला मत द्यायचे नाही, असा विचार होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नेही सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला एकच मत दिले. असा एखादा सहकारी कारखाना पुढे कर्जात बुडून खासगी मालकाला विकला गेला, तर गव्हाण (कारखान्यात ऊस टाकण्याची जागा) तीच राहते, ऊसही त्याच शिवारातून येतो, आणि तरी शेतकरी मतदार न राहता केवळ पुरवठादार होतो. उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर किमान दर) दोन्हीकडे केंद्र सरकारच ठरवते, त्यामुळे पावतीवरचा दर पाहून हा बदल लक्षात येईलच असे नाही. संचालक मंडळ कोणी निवडले, हे विचारावे लागते.

मात्र सहकारी कारखाना पाहून हुरळून जाण्याआधी गळलेल्यांचा प्रश्न येथेही लावावा. सभासदत्व उसाच्या मालकाचे असते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर-ट्रॉलीत बिऱ्हाड घालून निघणारा ऊसतोड कामगार या मोजणीत कोठेच नसतो. त्याची मोजणी मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत होते आणि तिचे एकक ‘कोयता’ असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) जोडीच्या नावावर, आणि कोणी एकटाच आला तर तो ‘अर्धा कोयता’. सहकाराच्या अभ्यासात ही वही कोणी उघडत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

यानंतरची पायरी म्हणजे एका हिशेबातला पैसा दुसऱ्या हिशेबात कोठून शिरतो, ते शोधणे. निवडणूक रोख्यांचे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायच्या रोख्यांचे, प्रकरण यासाठी मुद्दाम वाचावे. कंपनीने राजकीय पक्षांना देणगी द्यायची, तर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के ही मर्यादा होती. २०१७ च्या वित्त अधिनियमाने ती काढून टाकली, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देता येऊ लागली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे योजना आणि ही अमर्याद देणगीची मुभा, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. चर्चा बहुतेक देणगीदारांच्या नावांभोवतीच फिरली. निकालपत्र वाचताना मात्र राजकीय समतेविषयीचा भाग शोधावा. ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाला आर्थिक विषमता कशी पोखरते, याचा विचार तेथे आहे.

ग्रंथ उघडायचे ते आता, आणि हाच प्रश्न विचारत. उदारमतवादी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ मध्ये सर्वांना मत द्यावे असे म्हणतानाच सुशिक्षितांना एकाहून अधिक मते द्यावीत असे सुचवले होते. मालमत्तेचे माप त्याला पसंत नव्हते, पण माणसागणिक एकच मत हेही त्याला पटत नव्हते. उदारमतवादात ही चलबिचल आधीपासूनच आहे, आणि लंडनमधील ‘सिटी’ या व्यापारी भागाच्या स्थानिक निवडणुकीत कंपन्यांना आजही मतदार नेमता येतात.

शेवटी पुन्हा आंबेडकरांच्या भाषणाकडे यावे. ‘एक व्यक्ती, एक मत’ आणि ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ ही दोन वाक्ये त्यांनी वेगवेगळी ठेवली आहेत, हे नीट पाहावे. मग त्या कोयत्यातल्या बाईची नोंद दोन ठिकाणी शोधावी. गावच्या मतदार यादीत तिचे नाव स्वतंत्र आणि मत पूर्ण असते. मुकादमाच्या वहीत ती अर्धी असते. निवडणूक ऐन गळीत हंगामात आली, तर पूर्ण मत गावी यादीत राहते आणि ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात मोळ्या बांधत असते.