मोठी माणसं फडावर असताना: पोरांना शिकवायची पहिली दहा मिनिटं

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. ऊसतोडीच्या दिवसांत दुपारी आमच्या वस्त्यांवर चक्कर मारलीत, तर घराघरांत एखादं म्हातारं माणूस आणि शाळेतून आलेली पोरं एवढीच दिसतील. बाकी सगळे फडावर. अशा वेळी कुणाला काही झालं, तर पहिली दहा मिनिटं बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात असतात. त्या दहा मिनिटांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे मी शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासांना घेते. तुम्ही शिक्षक असा नाहीतर पालक, तुम्हालाही हे घेता येईल.

सुरुवात पट्टी बांधण्यापासून करू नका, फोनपासून करा. एक मूल पाठमोरं बसवायचं, ते १०८ वरचं माणूस. दुसऱ्यानं फोन लावायचा. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे एकच बोलतात, "आज्जी पडलीया, लवकर या." कुठं? "आमच्या घरात." घर कुठंय? "मळ्यात." मग वर्ग हसतो, आणि मी त्यांना हसू देते, कारण त्यातून मुद्दा आपोआप डोक्यात शिरतो. गाव, तालुका, जिल्हा. डांबरी रस्त्यावरची ठळक खूण, म्हणजे पाण्याची टाकी, देऊळ, दूध डेअरी. तिथून कुठल्या हाताला वळायचं. काय झालंय, माणूस शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. पलीकडच्यानं सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तरी कितीतरी घरांत पहिला फोन मामाला जातो. आग, अपघात, पोलीस यांसाठी ११२. फोनला लॉक असेल तरी तो लागतो, हेही पोरांना करून दाखवा.

उभ्या उसात वस्ती दिसत नाही. म्हणून दुसऱ्या मुलानं फाट्यावर जाऊन थांबायचं, दिवसा रंगीत टॉवेल घेऊन, रात्री बॅटरी घेऊन. माझ्या वर्गातल्या प्रत्येकानं घराच्या दाराआड आपला पत्ता खडूनं लिहिलाय. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचं नावसुद्धा आठवत नाही.

आता भाजणं. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे. तो मी दरवर्षी वर्गाला दाखवते. सातवीत असताना गुऱ्हाळावर काकवी आणायला गेले होते. तांब्या हिंदकळला आणि गरम काकवी हातावर आली. जमलेल्या माणसांनी मायेपोटीच शाई ओतली, वर टूथपेस्ट फासली. "पाणी लावू नका, फोड येतील" असं एकानं सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. पाण्याचा हौद दहा पावलांवर होता.

भाजल्या-भाजल्या साधं गार पाणी ओतायचं, आणि २० मिनिटं ओतत राहायचं. बर्फ नको, हळद नको, तेल-तूपही नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, करदोटा काढायचा. कातडीला चिकटलेलं कापड किंवा गुळाचा पाक ओढून काढायचा नाही, त्याच्यावरूनच पाणी सोडायचं. मग धुतलेलं सुती कापड सैलसर झाकून दवाखाना. लहान बाळ जास्त भाजलं असेल, तर बाकीचं अंग चादरीत गुंडाळून ऊब ठेवायची. २० मिनिटं म्हणजे किती, हे पोरांना सांगून कळत नाही. मी बादलीतून तांब्या-तांब्यानं एकाच्या हातावर पाणी ओतायला लावते आणि घड्याळ समोर ठेवते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला "बाई, बास?" सुरू होतं. तिथं थांबू देऊ नका. पाणी झाडाच्या आळ्यात ओतलं, की वायाही जात नाही.

साप. नागपंचमीचं शिराळा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं नाग पोरांना ओळखीचा. मला भीती मण्यारीची वाटते. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही, खूण दिसत नाही. खाली झोपलेला भाऊ मध्यरात्री पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, तर पोरांनी "अपचन झालं" म्हणून ओवा देत बसू नये. साप चावला असं धरून लगेच १०८ लावावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडं सरकारी दवाखान्यात मिळणारी लस एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघून ती देतात. त्यामुळं साप मारून पिशवीत नेण्यात वेळ घालवायचा नाही, शिवाय त्यात दुसऱ्यालाही चावा बसतो. चावलेल्याला चालवायचं नाही. हात किंवा पाय फळकुट लावून, ओढणीनं सैल बांधून स्थिर ठेवायचा. दोरीनं करकचून आवळणं, ब्लेड मारणं, तोंडानं ओढणं, लिंबाचा पाला खायला घालणं, देवळात नेणं, यातलं काहीही नाही. "घाबरू नको, आपण दवाखान्यात निघालोय" हे मात्र सतत बोलत राहायचं. घाबरून माणूस धडपडतो, म्हणून हे बोलणंही उपचारातच येतं.

कोयता लागला, तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहातानं जोरात दाबायचं. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर तेच ठेवून वर दुसरं. जखमेत काही रुतलं असेल तर ते उपसायचं नाही, बाजूनं दाबायचं. नाकातून रक्त आलं, तर मान मागं टाकून झोपवतात ते चूक. रक्त घशात उतरतं. पुढं झुकून बसवायचं आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरायचा. फिट आलेल्याला कांदा, चप्पल हुंगवणं बंद करा. तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या वस्तू हलवा, डोक्याखाली दप्तर द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा. झटके ५ मिनिटांच्या वर गेले तर १०८.

पाण्याचं मी जीव तोडून सांगते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली. त्या आठवड्यात पाणी बघितलेली पोरं आता मोठी झाली, पण आत्ताची पोरं मे महिन्यात त्याच नदीत उड्या मारतात. बुडणाऱ्याला वाचवायला पोरानं पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. आरडाओरडा करायचा, आणि काठावर पालथं झोपून काठी, साडी, बैलाचा कासरा, जे हाताशी असेल ते द्यायचं. आम्ही तेलाच्या ५ लिटरच्या कॅनला कासरा बांधतो. कॅनमध्ये दोन-तीन बोटं पाणी ठेवतो, नाहीतर तो वाऱ्यानं भरकटतो. झाकण घट्ट. मैदानावर चुन्याचं वर्तुळ आखून त्यात टाकायची सवय लावतो. दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचा नाही, हे प्रत्येक फेरीला बजावावं लागतं. वायरीला चिकटलेल्या माणसाबाबतही हेच. हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा. तुटून पडलेल्या तारेजवळ तर जायचंच नाही.

छाती दाबायचा सराव करायला आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यात भुसा ठासून भरतो. खांद्यावर थापटून हाक मारायची, १० सेकंद छाती बघायची. हाकेला ओ नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येताहेत, तर १०८ ला फोन करून स्पीकर चालू ठेवायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून, कोपरं ताठ करून दाबायचं. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मोजायला सोपं म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. बुडालेल्याला मात्र श्वासही लागतो, म्हणून तोंडानं श्वास द्यायचं मी आठवीला वेगळं घेते. सहावीतल्या बारीक पोराचा जोर पुरत नाही, हे खरं आहे. पण त्याला रीत माहीत असली, तर रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवून तो म्हणू शकतो, "काका, इथं हात ठेवा, मी मोजतो." मोठ्या माणसाला असं ठासून सांगायचा सराव मी वेगळा करून घेते, कारण आमच्याकडं पोरांना त्याचीच सवय नसते.

हे सगळं जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, फड सुरू झाल्यावर, पुन्हा घ्या. मधल्या चार-पाच महिन्यांत पोरं निम्मं विसरतात, आणि दाराआडचे पत्तेही पुसून गेलेले असतात.