जलरंगात ‘माझा हातच नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी माझ्याकडे जलरंग शिकायला येणाऱ्यांपैकी अनेकजण पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, “ताई, आवड खूप आहे, पण माझा हातच नाही.” मग पिशवीतून एक चित्र निघतं. आकाशात डाग, झाडं मातकट, कागद पापडासारखा फुगलेला. मी आधी चित्र उलटं करून कागद चाचपते. हाताला बोल लावण्याआधी कागद, पाणी आणि वेळ तपासायची, कारण बहुतेक दोष तिथे सापडतात.

शाळेतला ड्रॉइंग पेपर किंवा साधा कार्ट्रिज कागद साधारण १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. पेन्सिल त्यावर छान चालते. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा पातळ थर, दिला की मात्र ओला भाग फुगतो, खळगे पडतात, खळग्यात पाणी साचतं आणि तिथला रंग गडद होऊन वाळतो. आकाशातले ते डाग इथून येतात. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या, परवडत असेल तर पूर्ण कॉटनचा. महाग पडतो, मान्य आहे. म्हणून २२ बाय ३० इंचांचा अख्खा ताव आणून त्याचे आठ तुकडे करा. साडेसात बाय अकरा इंचांचा एक तुकडा रोजच्या सरावाला भरपूर झाला. चारही कडांना टेप लावून तो बोर्डवर बसवा. टेप काढायची ती चित्र खडखडीत वाळल्यावर, तिरकी आणि कागदाच्या बाहेरच्या दिशेने ओढत. कडा सोलली जाईल असं वाटलं तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या, चिकटपणा सैल होतो.

दुसरी चूक आपल्या शाळेतून येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा रंगांशी खरा परिचय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत होतो. मीही त्यातूनच आले आणि त्या परीक्षांचं ऋण मानते. पण संकल्पचित्रात पोस्टर कलर सपाट, एकसारखा भरायची आणि चुकलं की वरून दुसरा थर द्यायची सवय हाताला लागते. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, खालचं झाकतो. जलरंग पारदर्शक असतो. त्याचा उजेड खालच्या पांढऱ्या कागदातून येतो. गडद केलेला भाग पांढरा रंग घालून उजळायला गेलात तर तो खडूसारखा दिसायला लागतो. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा, आणि कुठे सोडायचा हे ब्रश उचलण्याआधी ठरवायचं. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना ‘अगदी बरोबर’ वाटणारा रंग वाळल्यावर पुचाट दिसतो, तेव्हा सुरुवातीलाच मनाला वाटतं त्यापेक्षा थोडा दाट घ्या.

आता आकाशात उमटणाऱ्या फुलकोबीसारख्या डागाकडे येऊ. वॉश अर्धवट वाळत असताना एक कोपरा फिका वाटतो आणि आपण ओला ब्रश तिथे टेकवतो. दोन मिनिटांत दातेरी कडांचा एक फुगा पसरतो. होतं असं की ब्रशमधलं जास्तीचं पाणी कमी ओल्या भागात घुसतं, वाटेतले रंगाचे कण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे त्यांची रेघ सोडतं. कागद डोळ्यांच्या पातळीला धरून तिरका बघा. आरशासारखा चकाकत असेल तर रंग सोडता येतो, तो आपोआप पसरेल. चमक मावळून नुसती ओलसर झाक उरली असेल तर पातळ रंग नको, हात मागे. दाट, जवळजवळ कोरडा रंग त्या वेळी चालतो. मऊ कडांची दूरची झाडं तशीच येतात. झाक पूर्ण गेली आणि तळहाताची मागची बाजू लावल्यावर कागद गार लागला नाही, म्हणजे वाळला. मगच पुढचा थर. पुण्यात मे महिन्यात हे सगळं काही मिनिटांत घडतं, जुलैमध्ये तोच वॉश तासभर ओला राहतो. घड्याळ लावून शिकवता येत नाही ते यासाठी.

रंग मातकट होण्याची कारणं साधी आहेत. चार-पाच रंग एकत्र केले, पाणी गढूळ झालं, किंवा तोच भाग पुन्हा पुन्हा घासला. मिश्रण शक्यतो दोन रंगांचं ठेवा. काळ्याच्या ट्यूबऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून बघा. निळा जास्त घेतला की पावसाळी ढगांचा करडा येतो, तपकिरी जास्त घेतला की जुन्या दगडी भिंतीचा. पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला.

घराबाहेर चित्र काढताना वेगळीच गल्लत होते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मी सकाळी साडेसातला बसले होते. नाना फडणवीसांचा वाडा पाठीशी, समोर घंटेचं देऊळ आणि घाटाच्या पायऱ्यांवर लांब, निळसर सावल्या. त्या सावल्यांसाठीच बसले होते, आणि दीड तास घालवला तो देवळाच्या दगडांचे सांधे पेन्सिलीने रेखाटण्यात. रंग काढले तेव्हा पायऱ्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. त्यानंतर मी आधी दहा मिनिटांत सावल्यांचे आकार बांधून घेते, तपशील मागून. मोबाइलवर फोटो काढला म्हणून हे टळत नाही, कारण फोटोत सावल्या बऱ्याचदा काळ्या ठोकळ्यासारख्या येतात. डोळ्याला दिसणारा निळा, जांभळा, खालच्या जमिनीवरून परतलेला पिवळसर उजेड त्यात हरवतो. फोटोबरोबर कागदाच्या कडेला प्रत्यक्ष बघून रंगांचे तीन-चार ठिपके टाकून ठेवा.

‘काढायला विषयच सापडत नाही’ ही तक्रार मला मनापासून अस्वस्थ करते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तोच तलाव, तीच झाडं वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. आपल्या खिडकीतली पाण्याची टाकी सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला सारखी दिसते का, हे एक आठवडा काढून बघा.

ब्रशबद्दल थोडक्यात. पाण्याच्या भांड्यात तो उभा ठेवून देऊ नका, टोक वाकतं आणि पत्र्याच्या टोपीतला गोंद सुटतो. धुऊन बोटांनी टोक जुळवा आणि आडवा ठेवा. छोटे पाच ब्रश घेण्यापेक्षा टोक नीट जुळणारा दहा नंबरचा एक गोल ब्रश घ्या, त्याने आकाशही होतं आणि तारेवरचा कावळाही.

पावसाळ्यात रंगपेटी ओली असताना बंद करू नका. जलरंगाला डिंकाने बांधलेलं असतं आणि बुरशीला तो फार आवडतो. काम झालं की पेटी रात्रभर उघडी ठेवा. बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या कापडाने पुसा आणि वड्या पूर्ण वाळवा.

कागदाची तर अधिकच काळजी घ्यावी लागते. जलरंगाच्या कागदाला सायझिंग असतं, एक प्रकारची खळच म्हणा. तिच्यामुळे पाणी काही काळ वर थांबतं. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून ती खळ मेली की कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. आमच्या वर्गातल्या एका काकूंना मुलीने परदेशातून सुंदर कागदाचा गठ्ठा आणला होता. “हात बसला की वापरीन,” म्हणून त्यांनी तो कपाटात जपला, अकरा पावसाळे. मग एके दिवशी पहिला ताव काढून त्यांनी स्वच्छ पाण्याचा वॉश फिरवला आणि कागदभर गडद ठिपके उमटले, गोवर आल्यासारखे. दुसरा ताव घेतला, तोही तसाच. काकू काही बोलल्या नाहीत, नुसता कागदावरून हात फिरवत राहिल्या. तो गठ्ठा आम्ही कोळशाच्या रेखाटनाला वापरला, त्याला तो उत्तम चालला. आता नवा ताव आणला की काकू त्याच संध्याकाळी त्याचे आठ तुकडे करतात आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख घालतात.