भीमपलासची बंदिश स्ट्रिंग क्वार्टेटसाठी कशी बांधावी

दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चारही वाद्यं गजाची, चारही गाऊ शकणारी, आणि एकालाही पडदे नाहीत. रागसंगीतासाठी याहून सोयीचा पाश्चात्त्य वाद्यमेळ सापडणं कठीण. तरीही बहुतेक मांडण्या फसतात, कारण पहिलं व्हायोलिन चाल वाजवतं आणि बाकीचे तिघे खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) धरून बसतात. मग राग राहत नाही, चाल तेवढी उरते. इथे मध्यलय तीनतालातली भीमपलासची एक बंदिश धरून सगळी कृती दिली आहे. दुसरा राग घेतलात तर स्वर बदलतील, पद्धत तीच राहील.

सा कुठे धरायचा

सगळ्यात आधी हे ठरवा. हे चुकलं तर पुढचं सगळं वादकांच्या बोटांशी भांडत लिहावं लागतं. व्हायोलिनच्या तारा जी-डी-ए-ई, व्हिओला आणि चेलोच्या सी-जी-डी-ए. चौघांत सामाईक असलेल्या मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारा तीनच: जी, डी, ए. म्हणजे सा-प दोन्ही मोकळे मिळतील असे सा दोनच, हार्मोनियमची पांढरी दोन (डी) आणि पांढरी पाच (जी). गायकाची काळी एक किंवा काळी चार जशीच्या तशी उचलू नका. त्या पट्टीत चौघांकडे सा-पची एकही मोकळी तार राहत नाही आणि वाद्यमेळाची निम्मी गुंज जाते.

भीमपलाससाठी पांढरी दोन घ्या. रागाचे सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात: सा डी, रे ई, कोमल ग एफ, म जी, प ए, ध बी, कोमल नि सी. व्हायोलिनला खाली मंद्र मध्यमापर्यंत जाता येतं आणि वर तार पंचम सहज मिळतो, त्यामुळे बहुतेक बंदिशींचा पल्ला पुरतो. चेलोला मंद्र सा-प मोकळ्या तारांवर मिळतात आणि खर्जाचा सा सी तारेवर पहिल्या बोटाने.

किंमत एकच मोजावी लागते. मध्य सा मोकळ्या तारेवर आला की तिथून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) निघत नाही, कारण मोकळी तार सरकवता येत नाही. मंद्र नि ते सा हा प्रवास जी तारेवरच पूर्ण करायला लावा आणि सा चौथ्या बोटाने घ्यायला सांगा. सा ते म ही मींड हवी असेल तर तीही जी तारेवर, वरच्या स्थानात. स्वराच्या डोक्यावर ‘जी तारेवर’ असं स्पष्ट लिहिलं नाही तर वादक सवयीने मोकळी डी वाजवेल आणि मींडेच्या जागी दोन सुटे स्वर ऐकू येतील. जी तारेचा तो गडद, किंचित घोगरा आवाज सारंगीजवळ जातो, हा वरचा फायदा. द्रुत, तानांनी भरलेली बंदिश असेल तर पांढरी पाच बरी. सा तिसऱ्या बोटाखाली येतो आणि हात मोकळा राहतो.

स्टाफवर उतरवताना

की-सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) लिहू नका. डीवर संपणारी कोमल गंधाराची चाल दिसली की पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला वादक तिला डी मायनर समजतो. एक फ्लॅट लिहिलात तर ध कोमल होईल. काहीही न लिहिताही सरावात कुणीतरी सी शार्प वाजवतोच, म्हणून पहिल्या दोन ओळींत बी आणि सीच्या आधी कंसात नॅचरलची खूण द्या.

भातखंडे लिपीतून उतरवताना कण (मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर) गाळू नका. भीमपलासमधला कोमल ग मध्यमाचा कण घेऊन येतो, कोमल नि षड्जाचा. कण काढले तर उरतात ते कोरे एफ आणि सी. कण ग्रेस-नोट म्हणून लिहा, ठोक्यावर घ्यायचा की आधी हे सांगा, आणि दोन्ही स्वर एकाच गजात राहतील असा स्लर (जोडणारी कमान) द्या.

मींड लिहिणं सगळ्यात अवघड. नुसती तिरकी ग्लिसांडोची रेघ ओढली तर कुणी पूर्ण मात्राभर एकसारखं घसरतं, तर कुणी शेवटच्या क्षणी झटकन. मींड यांपैकी काहीच करत नाही. ती कुठे रेंगाळते हे दाखवायला रेघेवर डोकं नसलेल्या काठ्या मारा. उदाहरणार्थ, दोन मात्रांच्या प ते ग मींडेत पहिली अर्धी मात्रा पंचमावर, पुढची एक मात्रा मध्यमाभोवती, शेवटची अर्धी गंधारावर. आणि मूळ गायकीचं ध्वनिमुद्रण वादकांना द्याच. कागद इथे फक्त आठवण करून देतो.

लांब स्वरांवर ‘व्हायब्रातो नको’ असं लिहा. तंबोऱ्यासारख्या धरलेल्या सुरावर हलता षड्ज बेसूर वाटतो.

तंबोरा

सरळ मार्ग म्हणजे चेलोने डी आणि ए या मोकळ्या तारा एकत्र धरणं. मंद्र सा-प चालीच्या खाली राहतात, तिला झाकत नाहीत. व्हिओलाच्या मोकळ्या डी-ए मात्र मध्य सप्तकात येतात, म्हणजे थेट चालीच्या अंगावर. व्हिओलाला आधार द्यायचा असेल तर जी तारेवर पहिल्या बोटाने मंद्र प आणि सोबत मोकळा सा द्या.

गज पलटण्याच्या जागा तुम्हीच ठरवा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचं आवर्तन १० सेकंदांत होतं, आठ मात्रा ५ सेकंदांत. हळू आवाजात एवढा गज सहज पुरतो. दोन वाद्यं आधाराला असतील तर एकाने पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर पलटावं, दुसऱ्याने तिसऱ्या आणि अकराव्या. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कुणीही नाही. वादकांवर सोडलंत तर दोघेही समेवरच पलटतील आणि दर आवर्तनाला आधारात भोक पडेल.

छेडलेला तंबोरा हवा असेल तर तो व्हिओलाच्या हाती छान बसतो: मंद्र प जी तारेवर पहिलं बोट, मोकळा सा दोनदा, मग खालचा सा सी तारेवर तेच पहिलं बोट. एक बोट दोन तारांवर आडवं ठेवलं की काम झालं. बोट उचलायचं नाही, तारा घुमू द्यायच्या. छेडीचा नाद लवकर विरतो, म्हणून चेलोचा गज खाली चालू ठेवा. आणि हे चार स्वर तालात बसवू नका. तंबोरा लयीला बांधलेला नसतो. चौकटीत स्वर लिहून ‘स्वतंत्र गतीने’ असं सांगणं पुरे. गज घोडीच्या किंचित जवळ नेला तर जवारीचा (तंबोऱ्याच्या झणझणीत गुंजेचा) भास होतो. फार जवळ नेला तर खरखर.

हार्मनी किती

थोडी, आणि रागाच्या परवानगीने. भीमपलासमध्ये रे आणि ध आरोहात नाहीत, अवरोहात उतरताना येतात. त्यांच्यावर थांबणं नाही. म्हणजे आतल्या स्वरात बी किंवा ई लांब धरलात की चाल कितीही शुद्ध असो, राग बिघडला. जी मेजरच्या कॉर्डमध्ये (म-ध-सा) धैवत आहे, म्हणून तो बाद. ए मेजरमध्ये शुद्ध नि येतो, तो तर रागातच नाही. पाश्चात्त्य कान शेवटाला नेमका तोच मागतो. देऊ नका.

चालणारे मेळ: सा-म, सा-प, म-कोमल नि, ग-प-नि (दोन्ही कोमल), आणि जपून सा-ग-प. मध्यम वादी (रागाचा मुख्य स्वर), षड्ज संवादी (त्याच्या खालोखालचा), म्हणून समेवर उघडा सा-म-सा ठेवला की घर सापडल्यासारखं वाटतं. सा-ग-प वारंवार आला की ऐकणाऱ्याला डी मायनर ऐकू येऊ लागतो आणि तो पुढच्या कॉर्डची वाट पाहू लागतो. ही अपेक्षा जागवायचीच नाही.

हार्मनीपेक्षा संगतीची युक्ती जास्त कामाला येते. सारंगीवाला गायकाच्या मागे एक पाऊल असतो, तीच जागा दुसऱ्या व्हायोलिनला द्या. पहिल्याची ओळ संपत आली की तिचे शेवटचे तीन-चार स्वर दुसऱ्याने एक मात्रा उशिरा, निम्म्या आवाजात म्हणायचे. ‘प म ग म ग रे सा’ उतरताना या मागून येणाऱ्या सुरांनी जी किनार तयार होते ती कुठल्याही कॉर्डपेक्षा रागाला जवळची असते. दर ओळीला हे केलं तर मात्र ते खेळणं होतं. चारातल्या एका ओळीला पुरे.

अंतऱ्यात चाल चेलोला द्या, एक सप्तक खाली, ए तारेवर. अशा वेळी तंबोरा व्हिओलाकडे जातो आणि पहिलं व्हायोलिन चक्क गप्प बसतं. चौघांनी सतत वाजवलंच पाहिजे असं कुठे आहे? दोन आवर्तनं फक्त व्हिओला आणि चेलो ठेवून बघा, पुढची सम किती उजळते ते.

ताल

सोळा मात्रा म्हणजे ४/४ चे चार बार, प्रत्येक आवर्तन एका ओळीत. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेपासून उठत असेल तर तो तिसऱ्या बारच्या सुरुवातीला येतो. वादकांना हा ‘पहिला ठोका’ वाटू नये, म्हणून दर समेच्या वर × आणि ‘खाली’च्या (नवव्या मात्रेच्या) वर ० लिहा. हे न केल्यास सगळे ‘खाली’वर जोर देतात.

तबल्याची नक्कल करण्याच्या फंदात न पडलेलं बरं. ठेक्याचा सांगाडा तेवढा घ्या: चेलो छेडीने १, ५ आणि १४ वर खर्जाचा किंवा मंद्र सा देतो, आणि १० ते १३ मध्ये खालून काहीच नाही, कारण ‘तिं तिं ता ता’मध्ये डग्गा गप्प असतो. ही पोकळी आली की ताल जाणणाऱ्याला ‘खाली’ आपोआप कळते. गजाच्या लाकडाने तारेवर मारणं एखाद्या आवर्तनापुरतं ठीक. महागडा गज असलेले वादक नाखूश असतात, त्यांना पेन्सिल वापरू द्या.

शेवटाला तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. साधं गणित: तीन मात्रांचा तुकडा, दोन मात्रांची विश्रांती, असं तीनदा. ३+२+३+२+३ मिळून १३, आणि तेरावी मात्रा सम हवी, म्हणून सुरुवात पाचव्या मात्रेवर, म्हणजे दुसऱ्या बारच्या तोंडाशी. पहिला तुकडा व्हिओला, दुसरा दुसरं व्हायोलिन, तिसरा चौघे मिळून. विश्रांतीच्या मात्रांत तंबोराही थांबवा, नाहीतर तिहाईचे कोपरे बोथट होतात.

लांबीचा अंदाज: एक मिनिट आलाप, मग २४ आवर्तनं, म्हणजे चार मिनिटं. आलाप बारशिवाय लिहा आणि पहिल्या व्हायोलिनची ओळ बाकी तिघांच्या पानांवर बारीक अक्षरात छापा. सेकंद मोजून आलाप जुळत नाही, एकमेकांचे स्वर ऐकूनच जुळतो.

मांडोचं वेगळं

वरचं सगळं गोव्याच्या मांडो या कोंकणी गीतप्रकाराला लावू नका. मांडो मुळातच तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या जोडीने दोन आवाजांत गायला जातो, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने. तिथे हार्मनी पाहुणी नाही. दोन्ही व्हायोलिनांना ती जोडी द्या, व्हिओलाने आतला आवाज भरावा, चेलोने सहा ठोक्यांतला पहिला आणि चौथा छेडावा. मायनरमधला वाढवलेला सातवा स्वर इथे हवाच. मांडोनंतर दुलपद येतं, जलद ६/८ मध्ये. दोन लयींचं गणिती नातं जोडत बसू नका. शेवटचा स्वर धरून ठेवा आणि पहिल्या व्हायोलिनच्या मानेच्या इशाऱ्यावर नवी लय सुरू करा.

या दोन जगांमध्ये ये-जा करणारे लोक आपल्याकडे होऊन गेले आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो रागांवर आधारलेल्या रचनांसाठीच.

पार्ट आणि पहिला सराव

व्हिओलाचा पार्ट अल्टो क्लेफमध्ये, चेलोचा बासमध्ये. चेलो अंतऱ्यात वर गेला तर टेनर क्लेफ चालतो, पण दोन-चार स्वरांसाठी क्लेफ बदलू नका. पान उलटण्याची जागा किमान तीन बारच्या विश्रांतीत हवी. तशी मिळत नसेल तर तीन पानं चिकटपट्टीने जोडून द्या. प्रत्येक आवर्तनाला क्रमांक घाला, बारला नव्हे. ‘सातव्या आवर्तनाच्या खालीपासून’ म्हटलं की सगळे एका जागी येतात.

संगणकावरच्या प्लेबॅकवर विसंबू नका. म्यूझस्कोरसारखं सॉफ्टवेअर मींड नीट ऐकवत नाही आणि समान स्वरांतरांत वाजवतं, त्यामुळे तिथे गोड वाटलेला मेळ गजावर वेगळाच निघतो.

सरावाला बसल्यावर सूर आधी डीला लावून घ्या, मग त्यावरून बाकीच्या तारा शुद्ध पंचमांत. पियानो बाजूला ठेवा. पहिली दहा मिनिटं चेलोने आधार धरावा आणि बाकी तिघांनी एकामागून एक आरोह-अवरोह वाजवावा, कोमल ग आणि नि आधाराशी जुळेपर्यंत. मग छापील पान बंद करून मुखडा गाऊन घ्या, हाताने समेवर टाळी देत. ज्याची टाळी चुकते त्याच्या पार्टमध्ये × आणि ० लाल पेन्सिलीने मोठे करा. चाल बसल्यावर एकदा फक्त आतल्या दोन वाद्यांना, दुसरं व्हायोलिन आणि व्हिओलाला, वाजवायला लावा. ते दोघे मिळून भीमपलास ऐकवत नसतील तर दुरुस्ती तिथेच करायची आहे, बहुधा कुठेतरी बी लांब धरलेला सापडेल.