जुन्या मसल कारला स्वस्तात चांगले टायर घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मी माझी १९६९ची शेवरोले कॅमेरो ही मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी घेतली, तेव्हा तिच्या टायरवर अजून रबराच्या बारीक मिशा होत्या. नक्षी खोल, पांढरी अक्षरं चकचकीत. विकणारा म्हणाला, "टायर तर नवेच आहेत," आणि मी ते खरं मानलं. दोन महिन्यांनी हायवेवर मागच्या डाव्या चाकातून धडधड सुरू झाली. मैलभरात टायरचा वरचा थर सुटला आणि फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, आतून चाबकासारखा बडवायला लागला. गाडी कशीबशी कडेला घेतली. कुणाला लागलं नाही, पण कारखान्यातून आलेला मूळ पत्रा वाकला तो वाकलाच.

त्या संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीच्या, आतल्या बाजूला 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारा कोड सापडला, शेवटचे चार अंक २२०८. म्हणजे २००८ सालचा बाविसावा आठवडा. टायर तेरा वर्षांचा होता.

नक्षी बघून टायर नवा समजणं

वर्षाला हजारेक मैल फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, उभ्या उभ्या वाळतो. म्हणून आधी तारीख, मग नक्षी. पांढरी अक्षरं दिसावीत म्हणून टायर बसवला की तारखेची बाजू बरेचदा आत जाते, तेव्हा खाली वाकायचा कंटाळा करू नका. कोडच्या शेवटी तीनच अंक दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा आहे. त्यावर गाडी गल्लीतसुद्धा फिरवू नका. सेलमध्ये फार स्वस्त मिळत असेल तर पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून तारखेचा फोटो मागवा. दोन वर्षांहून जुना माल मी घेत नाही, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, टायर उतरवतो. डिकीतली स्टेपनीही याच नियमात धरा. तिच्याकडे कुणीच बघत नाही.

जुन्या साइजचा नवा अर्थ अंदाजाने लावणं

माझ्या गाडीला कारखान्यातून एफ७०-१४ टायर होते. यात एफ म्हणजे वजन पेलण्याचा वर्ग, ७० म्हणजे उंचीचं रुंदीशी टक्क्यांतलं प्रमाण, १४ म्हणजे रिमचे इंच. रुंदी मिलिमीटरमध्ये कुठेच नाही, म्हणून गोंधळ होतो. आजचा जवळचा टायर २१५/७०आर१४, यात २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. त्याची उंची काढा: २१५ चे ७० टक्के, त्याची दुप्पट, अधिक १४ इंच, म्हणजे साधारण ६५७ मिमी. १५ इंची रिमवर २३५/६०आर१५ घेतलात तर ६६३ मिमी येते. स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. पण गाडीची मागची बाजू उचललेली दिसावी म्हणून २५५/६०आर१५ टाकलात तर उंची ६८७ मिमी होते, साडेचार टक्के जास्त. गाडी उभ्यावरून सुटताना तेवढी मंद वाटते आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो.

रुंदीचं गणित कागदावर सुटत नाही. रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकस्पेसिंग, मोजा. पुढची चाकं जमिनीवर असताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. मागे दोन मोठी माणसं बसवा आणि टायर व फेंडरची कड यांत बोट जातंय का ते पाहा. रिकाम्या गाडीत बसलेला टायर चौघं बसल्यावर घासू शकतो.

'परफॉर्मन्स' या शब्दावर विसंबणं

बीएफगुडरिच रेडियल टी/ए आणि कूपर कोब्रा रेडियल जी/टी ही या गाड्यांची नेहमीची परवडणारी जोडी. दिसायला सुंदर, पण स्वभावाने ऑल-सीझन, म्हणजे बाराही महिने चालणारे. त्यांच्यावर एस किंवा टी असं वेगाचं अक्षर येतं, म्हणजे ताशी १८० किंवा १९० किमीची मर्यादा. रविवारची फेरी असो वा ऑगस्टमधली डेट्रॉइटजवळची वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची फेरी, तिथे तर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. एवढ्यासाठी हे टायर उत्तम आहेत. ऑटोक्रॉससाठी, म्हणजे शंकूंमधून वळणं घेत घड्याळाशी लावलेल्या शर्यतीसाठी, नाहीत.

साइडवॉलवरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा, आकडा वाचा. ४००च्या आसपासचा टायर भरपूर टिकतो, २००चा मऊ असतो आणि रस्ता धरतो. हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून लावते, म्हणून दोन ब्रँडची तुलना सैल हातानेच करा. माझं मत असं: तुमची गाडी वर्षाला हजार मैलच चालणार असेल, तर टिकाऊपणाला पैसे देऊ नका. तो टायर झिजण्याआधी म्हातारा होणार आहे. मात्र १५ इंचात मऊ टायर मोजके आणि महाग. गाडी खरोखर दामटायची असेल तर १७ इंची रिमचा खर्च एकदा सोसा. २४५/४५आर१७ची उंची ६५२ मिमी, म्हणजे मूळच्या जवळच, आणि आजच्या गाड्यांचीही साइज असल्याने निवड भरपूर. रिमचं बिल मोठं असतं, पण पुढच्या दोन टायर-सेटमध्ये फरक कळतो. मूळ रिम विकू नका.

मिशिगनमध्ये थंडी कडक. समर टायर, म्हणजे फक्त उन्हाळ्यासाठीचे टायर, लावलेत तर शून्याखाली गाडी हलवू नका. गारठलेल्या रबराला तडे जाऊ शकतात.

आजचे रेडियल टायर टाकून सेटिंग १९६९चंच ठेवणं

भारतात आपल्याकडे ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात, त्याच जातीच्या आडव्यातिडव्या धाग्यांच्या टायरसाठी या गाड्यांचं सारं सेटिंग ठरलं होतं. अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्येही तेच जुने आकडे असतात. मी गेलो त्या दुकानात सगळं हिरवं दाखवलं, तरी हायवेवर गाडी भटकत राहिली आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. दुसऱ्या मेकॅनिकला मी आकडे लिहूनच दिले: कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या आसाचा कल) अडीच ते तीन अंश पॉझिटिव्ह, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) अर्धा अंश निगेटिव्ह, थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत). त्याने चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मच्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, बदलल्या आणि त्याच टायरवर गाडी सरळ धावायला लागली. टायरला दोष देण्याआधी हे करून घ्या.

हवेचंही तसंच. जुन्या पुस्तिकेतली २४ पीएसआय रेडियलला कमी पडते. ३० ते ३२ पासून सुरू करा. मग टायरवर खडूची आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट रस्त्यावर थोडं सरळ जाऊन या. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडाच पुसल्या तर कमी.

पैसे वाचवायला मागे दोन रेडियल आणि पुढे नायलॉन अशी सरमिसळ काही जण करतात. वळणावर दोन्ही जातींचे टायर वेगवेगळे वागतात, गाडी हातात राहत नाही. चारही एकदम घ्या, नाहीतर पैसे जमेपर्यंत थांबा.

टायर बसल्यावर पांढऱ्या अक्षरांवरचा निळा थर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने काढा, पेट्रोलने नाही. आणि पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.