शेवंतीची पानं काळी पडतायत? फवारण्याआधी या चुका टाळा

पावसाळा मध्यावर आला की ओळखीपाळखीतून तीच विचारणा सुरू होते: शेवंतीची खालची पानं काळी पडून वाळतायत, काय फवारू? मी आधी विचारते, पाणी कधी आणि कसं घालता? उत्तर ठरलेलं: संध्याकाळी, पाइपने, वरून.

दुखणं तिथेच आहे. सेप्टोरिया ही ठिपक्यांची बुरशी कुंडीत पडलेल्या जुन्या पानांत टिकून राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर चढते. पान रात्रभर ओलं राहिलं की ती रुजलीच.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या गच्चीवर शेवंतीच्या कुंड्या एकीला एक चिकटून ठेवलेल्या होत्या आणि रोज संध्याकाळी त्यांना पाइपची आंघोळ. ठिपके दिसल्यावर काकूंनी हळदीचं पाणी मारलं, मग ताक, मग खायचा सोडा. तेही संध्याकाळीच, म्हणजे पानं आणखी ओली. शेवटी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आणलं आणि दुप्पट घालून फवारलं. उरल्यासुरल्या हिरव्या पानांच्या कडाही करपल्या. "जास्त घातलं तर लवकर गुण येतो ना गं?" नाही येत. मॅन्कोझेब पानावर थर धरून नवी लागण रोखतं, पडलेला डाग पुसत नाही. दोन दिवसांत फरक हवा असणाऱ्यांना हे पटवणं फार अवघड जातं. लेबलवरची मात्रा पाळा, हातमोजे घाला.

मग आम्ही डागाळलेली पानं खुडली, मातीवरचा पाचोळा वेचून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. तो कंपोस्टमध्ये अजिबात घालू नका. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं, पाणी सकाळी, तांब्याने, बुंध्याशी. त्यानंतरच लेबलप्रमाणे एक फवारणी. नवी पालवी स्वच्छ आली आणि दिवाळीला कळ्याही धरल्या. खालचे दांडे मात्र उघडेच राहिले.

दुसरी चूक म्हणजे पान उलटून न बघता औषध आणणं. वरच्या बाजूला पांढरी भुकटी असेल तर भुरी. तिला ओलं पान लागत नाही, गर्दी आणि कोंदट हवा पुरते. पालथ्या बाजूला चॉकलेटी पुरळ असेल तर तांबेरा. पानावर बारीक फिकट टिपके आणि खाली जाळी असेल तर तो रोगच नाही, लाल कोळी ही बारीक कीड आहे. त्यावर बुरशीनाशकांचे पैसे घालवू नका, पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. हे एकच काम पान भिजवून करायचं, तेही सकाळी. दोन शिरांच्या मधे कोनाकोनाचे तपकिरी पट्टे खालच्या पानांवरून वर सरकत असतील तर सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, संशय धरा. असं झाड मी उपटूनच टाकते.

भुरीवर गंधक चालतं, पण कडक उन्हात नको, आणि निंबोळी तेल मारल्यावर किमान दोन आठवडे नको, पानं भाजतात.

ओल्या झाडाचे शेंडे खुडू नका. युरियाचा मारा करू नका, लुसलुशीत पान लवकर बळी पडतं. नर्सरीतून आणलेलं रोप थेट जुन्या कुंड्यांत मिसळू नका, दोन आठवडे वेगळं ठेवा.

बहर संपल्यावर झाड छाटलं की बुडातून काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतात. पुढच्या हंगामासाठी त्या फक्त निरोगी झाडाच्या घ्या. कुंडीतली माती बदला आणि कुंडी धुऊन उन्हात वाळवा.