पत्रिकेवर क्यूआर कोड छापताय? या चुका टाळा

पाहुणा विट्याहून निघो की मुंबईहून, त्याला थेट कार्यालयाच्या दारात आणून सोडणं एवढंच लग्नपत्रिकेवरच्या मॅपच्या कोडाचं काम. सातारा-सांगलीकडे आता बऱ्याच पत्रिकांवर हा चौकोन दिसतो, पण तो बिघडतो बहुतेक वेळा छपाईतच.

लाल किंवा मरून कागदावर सोनेरी फॉइलचा कोड म्हणजे हमखास फसगत. डोळ्यांना तो छान दिसतो, कॅमेऱ्याला मात्र नुसती चमक दिसते. कॅमेऱ्याला हवा फिकट जागेवर गडद कोड. पत्रिका हवी तेवढी भरजरी करा, कोडापुरती जागा पांढरी ठेवा. त्याच्या चारी बाजूंनी, कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी तरी पट्टी मोकळी लागते आणि डिझाइनवाले नेमकी तिथेच वेलबुट्टी नेऊन भिडवतात. मधोमध गणपती हवाच असेल तर कोड बनवताना दुरुस्तीची 'एच' पातळी निवडा. तिच्यात कोडाचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती भरून काढता येते. तरीही गणपती लहानच बरा, आणि कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांना धक्का नको. कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका. दारातल्या फलकावर दोन मीटरवरून स्कॅन व्हायला हवा असेल, तर तो २० सेंटिमीटरचा करा. स्क्रीनवर चालला म्हणून निर्धास्त राहू नका. प्रेसकडून एक प्रत आधी मागवा आणि घरातल्या जुन्यात जुन्या फोनवर तपासा.

फुकट कोड देणाऱ्या काही साइट कोडात थेट मॅपऐवजी स्वतःची लिंक घालतात. चाचणीची मुदत संपली की कोड बंद, आणि पत्रिका तर तोवर गावभर वाटून झालेल्या. म्हणून मॅपची लिंक थेट भरलेला स्थिर कोडच घ्या. त्याला मुदत नसते. स्कॅन केल्यावर वर दिसणारा पत्ता गुगल मॅप्सचाच आहे ना, तेही बघा. छापून झाल्यावर हे लक्षात आलं, तर सरळ व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवून मोकळे व्हा.

कार्यालय पुणे-बेंगळुरू महामार्गालगत असेल तर पिन सर्व्हिस रोडवरच्या फाटकावरच टाका. पिन पलीकडच्या बाजूला पडला, तर पाहुणा पुढच्या पुलाखालून वळून येईपर्यंत अक्षता पडलेल्या असतात. नुसत्या नावावर शोधून लिंक घेऊ नका: कोरेगाव साताऱ्यात आहे, भीमा-कोरेगाव पुणे जिल्ह्यात. पाटण-जावळीच्या डोंगरात रेंज जाते आणि आजीला स्कॅन जमत नाही, तेव्हा पूर्ण पत्ता, जवळचा एसटी थांबा आणि दोन फोन नंबर छापायचेच.

आता आहेराचा कोड. वर 'कृपया आहेर आणू नये' आणि खाली यूपीआयचा चौकोन, असं करू नका, लोक हसतात. कोड ठेवायचाच तर आहेराच्या टेबलावर ठेवा आणि खाली खातेदाराचं नाव लिहा. खातं मामांच्या नावावर असेल तर पाहुणा पैसे पाठवताना अडखळतो. त्यावर कुणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे टेबलावर बसणाऱ्याने अधूनमधून पाहावं.

व्हॉट्सअॅपवर पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (उघडली की फोनवर अॅप बसवणारी) पाठवून खाती रिकामी करणारे भामटे आहेत, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.