रेन-मार्टिन संपल्यावर काय?

भाषांतर शिकायला येणारी मुलं विचारतात, ‘सर, रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण झालंय, आता पुढे काय वाचू?’ मी विचारतो, ‘अडलंय कुठे?’ वरच्या पातळीचं व्याकरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की ते पुस्तक आठवड्याभरात कपाटात जातं.

तेव्हा आधी वही करा आणि लिहिताना खटकलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवा. ‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ घ्या. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून हात आपोआप ‘अबाउट’ लिहून जातो. मायकल स्वॉनचं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ काढा आणि मागच्या सूचीवरून थेट नोंद गाठा. 2016च्या चौथ्या आवृत्तीत व्याकरण विषयवार लावलंय, आधीच्या आवृत्त्या अकारविल्हे होत्या. जुनी मिळाली तरी बिनधास्त घ्या.

मग ‘कोका’ (कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश) या संकेतस्थळावर पडताळा. अमेरिकन इंग्रजीचा शंभर कोटींहून जास्त शब्दांचा हा संग्रह नाव नोंदवून फुकट वापरता येतो. ‘डिस्कस’ कॅपिटल अक्षरांत टाकलं की त्याची सगळी रूपं येतात. आता ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ शेजारी ठेवून बघा. नामाला ‘अबाउट’ चालतो, क्रियापदाला नको असतो. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, वाक्यं उघडा. ‘डिस्कस अबाउट ट्वेंटी केसेस’मधला ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’, तो मोजायचा नाही.

सरावाला मार्टिन ह्यूइंग्जचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड ग्रामर इन यूज’. डावीकडे नियम, उजवीकडे स्वाध्याय. शंभर धडे आहेत, पण वहीत अडलेलेच करा.

वाक्यरचनेच्या मुळाशी जायचं असेल तर हडलस्टन-पुलम यांचं ‘अ स्टूडंट्स इंट्रोडक्शन टू इंग्लिश ग्रामर’, शक्यतो 2022ची दुसरी आवृत्ती. सुरुवातीला डोकं गरगरतं: इंग्रजीत भविष्यकाळच नाही म्हणतात, आणि ‘बिफोर ही केम’मधल्या ‘बिफोर’ला उभयान्वयी नव्हे, शब्दयोगी अव्यय ठरवतात. मला हे पटतं. स्पर्धा परीक्षेच्या पेपरात मात्र शाळेतलंच उत्तर लिहा. त्यांचा 2002चा ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हा अठराशेहून जास्त पानांचा ग्रंथ विकत घेऊ नका, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून चाळा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत घेताना स्वाध्यायाची पानं उलटून बघा. कुणी पेनाने उत्तरं भरली असतील तर ठेवून द्या. शिवाय ह्यूइंग्जचं पुस्तक उत्तरांसह आणि उत्तरांशिवाय असं दोन्ही प्रकारे निघालंय. घरी एकट्याने शिकणार असाल तर मुखपृष्ठावर ‘विथ आन्सर्स’ पाहूनच पैसे द्या.